शेपट्यांची थरथर

भिंगरी हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. लहानपणी ती जेवायला बसली तरी एक पाय हलतच असायचा, म्हणून थोरल्या भावाने ते नाव ठेवलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे ती लढाऊ विमानांच्या कारखान्यात शेपटी विभागाची प्रमुख झाली, केस पिकले, एक गुडघा कुरकुरायला लागला, तरी तिच्या पाठीमागे सगळे तिला भिंगरीबाईच म्हणत. तिला ते ठाऊक होतं. टेबलाशी बसून तिला विचारच करता येत नसे. ड्रॉइंग हातात घेऊन ती विभागाच्या लांबट खोलीत या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत येरझारा घालायची, आणि वाटेतल्यांनी मुकाट्याने खुर्च्या आत ओढून घ्यायच्या, असा तिथला अलिखित नियम होता.

एका मंगळवारी सकाळी तिच्या दारात टिचकीमास्तर येऊन उभे राहिले. मास्तर म्हणजे हँगरमधले सगळ्यात जुने तपासनीस. विमानाच्या पत्र्यावर टिचकी मारून पत्रे जोडणारी आतली ढिली रिव्हेट आवाजावरून ओळखतात अशी त्यांची ख्याती होती. आता तपासायला यंत्रं आली होती, पण मास्तर आधी टिचकी मारत आणि मग यंत्राला बोलायची परवानगी देत. ऑफिसच्या इमारतीत ते वर्षातून एकदासुद्धा फिरकत नसत.

"बाई, जरा खाली येता?"

"काय झालं?"

"दारात सांगण्यासारखं नाही. बघाच."

हँगरमध्ये एक विमान जॅकवर चढवलेलं होतं. मागच्या टोकाला त्याच्या दोन उभ्या शेपट्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, वरून जराशा बाहेर कललेल्या. या शेपट्या अठरा वर्षांपूर्वी भिंगरीने कागदावर काढल्या होत्या. मास्तरांनी डाव्या शेपटीच्या बुडाशी लाल औषध लावून पुसलं होतं आणि वर पांढरी भुकटी फवारली होती. त्या पांढऱ्यावर केसाएवढी बारीक लाल रेघ उमटली होती, करंगळीइतकी लांब.

"चीर आहे," मास्तर म्हणाले.

"पत्रा वाकवतानाच पडली असेल."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून काल दिवसभर बाकीची विमानं पाहिली. इथे बारा उभी आहेत. सातांना आहे. सगळ्यांना आतल्या अंगाला, सगळ्यांना याच जागी."

भिंगरी पुढे झाली. तिने शेपटीच्या बुडावर तळवा ठेवला. पत्रा थंडगार होता. तिला एक कागद आठवला, आणि तो आठवल्याबरोबर तिने हात काढून घेतला.

वर येऊन तिने दार लावलं आणि खालचा खण उपसला. कागद सापडायला वेळ लागला नाही, कारण तो कुठे आहे हे तिला पक्कं माहीत होतं. नऊ महिन्यांपूर्वीचा, चाचणी वैमानिकाचा अहवाल. त्याला सगळे अबोल म्हणत. तासभर उडून आला की तो फार तर दोन ओळी लिहायचा. याही वेळी दोनच ओळी होत्या. 'नाक फार वर केलं की आरशात दोन्ही शेपट्या थरथरताना दिसतात. बघावं.' खाली तिच्याच अक्षरात होतं, 'नोंद घेतली'. खाली सही, तारीख.

त्या महिन्यात नव्या तुकडीचं उत्पादन सुरू व्हायचं होतं. शेपट्या उघडून पुन्हा तपासायच्या तर सगळंच अडकणार होतं. थरथर तर प्रत्येक विमानात असते, असं तिने स्वतःला समजावलं होतं. आता तो कागद हातात धरून तिने खोलीत तीन चकरा मारल्या, आणि तो पुन्हा खणात, बाकीच्या कागदांच्या खाली ठेवून दिला.

मोठ्या साहेबांनी उपाय लगेच सांगितला. "आतून पट्टी मारा. जाड मारा." पट्ट्या बसल्या. शेपटीचं वजन वाढलं, पण चीर झाकली गेली आणि विमानं पुन्हा उडू लागली. पुढचे वीस दिवस भिंगरीने रोज संध्याकाळी हँगरमध्ये जाऊन मास्तरांकडे नुसतं बघायचं आणि मास्तरांनी नुसती मान हलवायची, असे गेले. एकविसाव्या दिवशी मास्तरांनी मान हलवली नाही. नवी चीर पट्टीच्या वर पडली होती. दुखणं बरं झालं नव्हतं, वरच्या मजल्यावर राहायला गेलं होतं.

मग साहेबांना गुन्हेगार हवा होता. भोकं पाडताना कामगारांनी हयगय केली, असं एक पत्रक निघालं, आणि रिव्हेट मारणारे दोन फिटर घरी बसवले गेले. त्यातल्या एकाला मास्तरांनी स्वतःच्या हाताखाली तयार केलं होतं.

"बाई, त्या पोरांनी पाडलेली भोकं मी स्वतः तपासलीत," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण टिचकी मारायची बोटं पँटच्या शिवणीवर आपटत होती. "भोकांत काही दोष नाही. कुणीतरी या शेपट्यांना वर आभाळात धरून बडवतंय. कोण, ते तुम्ही शोधायचं."

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी जेवताना नवऱ्याने विषय काढलाच. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर लोकांना 'हे बरं दिसतंय की हे?' विचारून विचारून तो घरीही तसाच शांत बोलायचा.

"अगं, जरा टेक. भाजी तू उभ्यानेच खाल्लीस."

"बसवत नाही."

"मग सरांकडे का जात नाहीस?"

भिंगरी थबकली. गेल्या अठरा वर्षांत या घरात सरांचं नाव कुणी काढलं नव्हतं.

सर म्हणजे तिच्या आधीचे शेपटी विभागाचे प्रमुख. तिला पेन्सिल कशी धरायची इथपासून त्यांनी शिकवलं होतं. त्यांच्या काळातलं विमान भाल्यासारखं होतं. पंख पातळ, मागे ओढलेले, आणि मागे एकच उंच शेपटी. कारण त्या काळी लढाई म्हणजे उंचावर सरळ रेषेत सुसाट जायचं, मारायचं आणि परत फिरायचं. वेग हेच सगळं. त्याच्याही आधी पंख सरळ आडवे असत. वेग आवाजाच्या वेगाजवळ गेल्यावर असल्या पंखांवरची हवा आपटायला, तुंबायला लागली, म्हणून ते मागे झुकले. मग शत्रूकडे पाठलाग करणारी क्षेपणास्त्रं आली, आणि नुसतं पळून भागेना. खाली, जवळून, गर्रकन वळावं लागायला लागलं. वळायचं तर विमानाने नाक खूप वर करायचं, छाती वाऱ्याला द्यायची. आणि नाक वर केलं की सरांची ती एकुलती उंच शेपटी नेमकी धडाच्या आडोशाला यायची. तिच्यापर्यंत स्वच्छ वारा पोचायचाच नाही. सुकाणू फिरवा नाहीतर फिरवू नका, सारखंच.

हे भिंगरीने भर बैठकीत बोलून दाखवलं होतं. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती, आणि जीभ पायांपेक्षाही जलद होती. "सरांची शेपटी वळणात नुसती शोभेला आहे," असं ती म्हणाली होती. लोक हसले होते. सर हसले नव्हते. त्यांनी फाईल मिटली, महिन्याभरात राजीनामा दिला, आणि धडाच्या आडोशाबाहेर काढलेल्या तिच्या दोन शेपट्यांचं विमान मंजूर झालं. तेव्हापासून त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आली की ती रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जायची.

रविवारी अकराच्या सुमाराला तिने सरांची बेल वाजवली. दार काकूंनी उघडलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि आत बघून ओरडल्या, "अहो, ऐकलंत का? अठरा वर्षांनी रस्ता सापडला हो हिला!"

सर व्हरांड्यात पत्त्यांचा एकट्याचा डाव मांडून बसले होते. बारीक झाले होते, डाव्या कानात यंत्र होतं. त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली. "बस. किंवा फेऱ्या मार. मला दोन्ही चालतं."

भिंगरीने फेऱ्या मारतच सगळं सांगितलं. बारा विमानं, सात चिरा, पट्टी, पट्टीच्या वरची चीर, घरी बसवलेले फिटर. कागदाचं तेवढं सांगितलं नाही. सर एकेक पत्ता लावत ऐकत होते. काकू चहाचे कप घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"मला एक सांगा," काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं ऐकतेय मी हे. कधी पंख मागे ओढता, कधी शेपटीच्या दोन करता. पाखरं बघा, कधी बदलतात का? एकदाचं बरं काहीतरी काढून ठेवायला काय होतं तुम्हाला?"

"पाखरंही बदलतात," सर म्हणाले. "त्यांना लाखभर वर्षं मिळतात. आम्हाला शत्रू इतकी सवड देत नाही. त्याने एक नवं काढलं की आमचं कालचं शहाणपण आज वेडेपणा ठरतं."

"मग दोघं मिळून वेडे व्हा," काकू म्हणाल्या आणि कप ठेवून आत गेल्या.

भिंगरी कठड्याला टेकली. इतका वेळ तोंडाशी येऊन परतणारं वाक्य तिने एका दमात बाहेर काढलं. "सर, त्या बैठकीत मी जे बोलले, ते तसं बोलायला नको होतं. माझ्यामुळे तुम्ही सोडून गेलात."

सरांनी हातातले पत्ते टेबलावर पालथे ठेवले.

"तुझ्यामुळे?" ते म्हणाले. "अठरा वर्षं तू हे डोक्यावर घेऊन फिरतेयस? कमाल आहे तुझी. अगं, तू बोललीस त्याच्या दोन वर्षं आधी एक वैमानिक माझ्याकडे आला होता. तरुण, लाल कानांचा. म्हणाला, सर, नाक वर असताना सुकाणू ऐकत नाही. मी त्याला म्हटलं, तुझा पाय हलका पडत असेल. पुढच्याच हिवाळ्यात तो वळणात पडला. उडी मारली म्हणून जगला, पण पाठ कायमची गेली. चौकशीत चूक त्याचीच ठरली. मी त्या खोलीत होतो. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो."

भिंगरीचा हलता पाय थांबला.

"तू बैठकीत बोललीस तेव्हा मला हायसं वाटलं," सर म्हणाले. "राग नव्हता तो. लाज होती. आता मला सांग, तुझ्याकडे कुणी आलं होतं का?"

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. भिंगरीने कप उचलला, तो रिकामा होता, तरी ओठांना लावला.

"दोन ओळी आल्या होत्या," ती म्हणाली.

सरांनी उपदेश केला नाही. त्यांनी पत्ते गोळा केले आणि त्यांना रबर लावलं. "उद्या त्या ओळी लिहिणाऱ्याला भेट. किती वर, किती वेगात, सगळं विचार. मग प्रयोगशाळेच्या मागे माझा जुना काचेचा हौद आहे, तो धुवायला लाव. मी परवा येतो."

अबोल तिला धावपट्टीशेजारच्या खोलीत बुटाच्या नाड्या बांधताना सापडला. तिने कागदाचं नाव काढताच त्याने वर पाहिलं.

"लिहिलं होतं की मी."

"मग पुन्हा का नाही लिहिलंत?"

"खाली 'नोंद घेतली' होतं. म्हटलं, घेतली असेल."

इतक्या साध्या आवाजात तो हे बोलला की भिंगरीला कानशिलात बसल्यासारखं झालं. तिने खुर्ची ओढली आणि कधी नव्हे ती बसली. "आता नीट सांगा. जेवढं आठवतंय तेवढं सगळं."

अबोलने दोन्ही हातांचे पंजे उभे केले आणि ते भराभर हलवून दाखवले. "भिजलेला कुत्रा अंग झाडतो ना, तशा. सरळ उडताना काही नाही. नाक इथपर्यंत आणलं," त्याने कोपर टेबलावर ठेवून हात तिरपा केला, "की सुरू. आणखी वर नेलं की उलट कमी होतं. मधल्या पट्ट्यातच त्रास. आम्हा सगळ्यांना माहीत आहे. नवीन पोरांना सांगतो आम्ही, तिथे आरशात बघू नका."

भिंगरीने त्याच्या हाताचा तिरपेपणा कागदावर रेघ मारून उतरवून घेतला, वेग लिहून घेतला, आणि उठताना म्हणाली, "माफ करा." अबोलने खांदे उडवले आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला घेतली.

सरांचा हौद म्हणजे खाटेएवढी लांब काचेची पेटी. एका बाजूने पाणी संथपणे आत यायचं, दुसऱ्या बाजूने जायचं. हवा कशी वाहते ते डोळ्यांना दिसत नाही. पाण्यात शाई सोडली की दिसतं. नवे लोक हे सगळं संगणकावर करत, आणि हौदात गेली दहा वर्षं रंगाचे डबे ठेवलेले होते. भिंगरीने बाह्या वर करून स्वतः काच घासली. हातभर लांबीचं विमानाचं प्रतिरूप सळईवर बसवलं, पंखांच्या मुळाशी दोन बारीक नळ्या लावल्या, डावीकडे लाल शाई, उजवीकडे निळी. टिचकीमास्तरांना तिने मुद्दाम बोलावून घेतलं.

आधी प्रतिरूप सपाट ठेवलं. शाई सरळ मागे वाहत गेली, शेपट्यांना धक्काही न लावता. मग सरांनी सळई हळूहळू तिरपी केली. पंखांची पुढची धार धडाजवळ लांबवून जी पाचर काढली होती, तिच्या कडेवरून शाई वळायला लागली आणि तिचा पिळदार दोर झाला. लाल एक, निळा एक. दोन्ही दोर पंखांवरून पाठीला चिकटून मागे जात होते. भिंगरीला ते भोवरे ओळखीचे होते. तिनेच ते मागून घेतले होते. नाक वर असतानाही विमान पडत नाही ते या भोवऱ्यांमुळे. ते पंखाला वरून ओढून धरतात.

"आणखी," ती म्हणाली.

सळई अबोलच्या हाताइतकी तिरपी झाली. आणि त्याच क्षणी लाल दोर शेपटीच्या बोटभर अलीकडे फुटला. घट्ट पिळलेला दोर होता, त्याचा एकदम गढूळ लाल ढग झाला, आणि तो ढग गडगडत शेपटीच्या आतल्या अंगावर आदळायला लागला. लगेच निळाही फुटला. हौदाची काच थरथरतेय की काय असं वाटून मास्तरांनी तिच्यावर टिचकी मारली.

"हा बघा बडवणारा," सर म्हणाले. "तोच विमान उचलून धरतो आणि तोच शेपटीला धोपटतो."

"आणि नेमका आतल्या अंगाला," मास्तर म्हणाले. "भोकांचा काही संबंध नाही. बघितलंत ना बाई? सांगा आता वरती."

भिंगरी हौदाभोवती फिरायला लागली. शेपट्या हलवायच्या तर अख्खं विमान नव्याने करावं लागेल. भोवरा मारायचा तर विमान वळणात पडेल. मग भोवऱ्याला थोडा आधीच, थोडा वेगळ्या जागी, कमी जोराने फोडता आलं तर? तिने रंगाच्या डब्याचं झाकण कापून नखाएवढा पत्र्याचा तुकडा काढला आणि तो पाचरीवर उभा चिकटवला, कुंपणासारखा. काही फरक पडला नाही. मागे सरकवला. जास्तच बिघडलं. दुपारपर्यंत चौदा जागा झाल्या. सर स्टुलावर बसून पेंगायला लागले होते. पंधराव्या जागी लाल दोर शेपटीच्या बराच आधी, दोन पातळ धाग्यांत विरघळला, आणि शेपटीपर्यंत पोचला तो फिकट गुलाबी धूर.

"सर!" ती ओरडली. सर दचकून उठले आणि त्यांचं कानातलं यंत्र हौदात पडलं.

तीन दिवस वाऱ्याच्या बोगद्यात प्रतिरूपावर जोराचा वारा सोडून मोजमापं झाली. पत्र्याच्या त्या उभ्या पानाने फटका निम्म्याच्या आसपास कमी होत होता. भिंगरीच्या विभागातले लोक तिच्याकडे पुन्हा कौतुकाने बघायला लागले. सोमवारी बैठक होती, आणि तिथे तिला हे नुसतं मांडायचं होतं. उपाय सापडला, सगळे खूश, साहेब पाठ थोपटणार. खणातला कागद खणातच राहिला तरी कुणाचं काही अडणार नव्हतं. फिटर परत आले असतेच कधी ना कधी. की नसते?

रविवारी ती नवऱ्याच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. तो भिंगं पुसत होता.

"एक विचारू? तू एखाद्याचा नंबर चुकवलास, आणि नंतर त्याला बरोबर चष्मा करून दिलास. तर 'आधी चूक माझी होती' हे सांगावं लागतं का?"

नवऱ्याने भिंग उजेडासमोर धरलं. "लागतं."

"का? दिसायला तर लागलं ना त्याला."

"नाही सांगितलं तर तो आपल्या डोळ्यांना दोष देत राहतो, बाई. आणि शेजारीही म्हणतात, याचे डोळेच अधू."

ती काउंटरवरच्या चष्म्यांच्या दांड्या उघडत मिटत बसली. त्याने तिला कागदाबद्दल काही विचारलं नाही. तिनेच सांगितलं.

सोमवारच्या बैठकीत तिने आधी शाईचे फोटो दाखवले, मग बोगद्यातले आकडे. मोठे साहेब टेबलावर बोटांनी ताल धरून ऐकत होते, चेहरा खुलला होता. "उत्तम. म्हणजे हा हवेचा खेळ होता. कुणाला आधी कळण्यासारखा नव्हताच."

"कळण्यासारखा होता," भिंगरी म्हणाली. तिने तो कागद टेबलावर ठेवला आणि साहेबांकडे सरकवला. "नऊ महिन्यांपूर्वी वैमानिकाने लिहून दिलं होतं. मी वाचलं, आणि उत्पादन अडू नये म्हणून बाजूला ठेवलं. खाली माझी सही आहे. फिटरांनी काही चुकीचं केलेलं नाही. त्यांना आजच परत बोलवा. आणि पानं बसेपर्यंत एकाही विमानाचं नाक या कोनाच्या वर जाता कामा नये."

साहेबांनी कागद वाचला, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा वाचला. "हे तुम्ही मला एकटीने येऊन सांगू शकला असता," ते हळूच म्हणाले.

"हो. पण मग तो पुन्हा खणात गेला असता. या वेळी तुमच्या."

हे शेवटचे तीन शब्द टाळता आले असते. पण जीभ तिचीच होती.

फिटर दुसऱ्या दिवशी कामावर आले. उड्डाणांवर मर्यादेचं पत्रक लागलं. आठवड्याने भिंगरीच्या नावाचंही एक पत्र आलं. शेपटी विभागाची प्रमुख म्हणून तिची जबाबदारी काढून घेण्यात येत होती आणि तिला 'सल्लागार' नेमण्यात येत होतं. खोली मिळाली ती तळमजल्यावर, एका खिडकीची. येरझारा घालायला साडेचार पावलं. पहिल्या दिवशी ती त्या खोलीत इतकी फिरली की तिला गरगरलं. ती बाहेर पडून हँगरभोवती एक पूर्ण फेरी मारून आली, आणि तेव्हा कुठे तिला कळलं की खणातला तो कागद सकाळपासून एकदाही आठवला नव्हता. दुखत होतं. पद गेल्याचं भरपूर दुखत होतं. पण श्वास आत जात होता.

पत्र्याची पानं बसवलेलं पहिलं विमान अबोलने उडवलं. भिंगरी आणि मास्तर धावपट्टीच्या कडेला उन्हात उभे होते. विमान उतरलं, शिडी लागली, आणि अबोल शिरस्त्राण काखेत मारून त्यांच्याकडे चालत आला.

"कमी आहे," तो म्हणाला.

"किती कमी?"

त्याने विचार केला. "आधी शेपटीवरचा आकडा वाचता येत नव्हता. आज वाचला."

"पूर्ण गेली नाही?"

"नाही."

मास्तर शेपटीच्या बुडाशी पोचलेही होते. भिंगरीने त्यांच्या टिचक्या लांबूनच मोजल्या.

दोन महिन्यांनी विभागाचा नवा प्रमुख तिच्या खोलीत आला. पस्तिशीचा, हुशार, पत्र आल्यापासून तिच्या नजरेला नजर न देणारा. त्याने पुढच्या विमानाचं ड्रॉइंग टेबलावर पसरलं. त्यात शेपट्या उभ्या नव्हत्याच. दोन्ही बाजूंना इतक्या कललेल्या होत्या की जवळजवळ झोपल्याच होत्या. पंखांच्या कडा त्यांना समांतर छाटलेल्या.

"रडारसाठी," तो म्हणाला. "उभं काही ठेवलं की लांबून दिसतं. तुमच्या शेपट्या..." तो अडखळला.

"बोल ना. माझ्या शेपट्या काय?"

"आरशासारख्या चमकतात, मॅडम. रडारवर."

भिंगरीने ड्रॉइंगवर दोन्ही हात टेकले. आतून काहीतरी चिमटा काढून गेलं, आणि ती त्याला तसंच जाऊ देऊन वाकून बघत राहिली. रेघा सुंदर होत्या. मुलाचा हात चांगला होता.

"वैमानिकांना दाखवलंस?"

"अजून तर नुसतं कागदावर आहे."

"म्हणूनच. पत्रा कापल्यावर दाखवून काय उपयोग? चल."

अबोल धावपट्टीशेजारच्या खोलीत डबा खात होता. त्याने हात पुसले, ड्रॉइंग आडवं धरून बराच वेळ पाहिलं, मग उभं धरून पाहिलं. नवा प्रमुख ताटकळत एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होता.

"उतरताना आडवा वारा आला," अबोल शेवटी म्हणाला, "तर हे नाक सरळ धरील?"

नव्या प्रमुखाने भिंगरीकडे पाहिलं. तिलाही सांगता येईना. तिने खिशातून पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली.

"लिहून घे," ती म्हणाली. "आणि वारा किती जोराचा, कुठल्या बाजूचा, तेही विचार."